पडलेल्या निंबाचा झोका: लिंबायत, सुरत

आईने मला सुरतेला पाठवलं ते सरळसरळ हेर म्हणून. तोंडाने म्हणाली, "आखाजीला मावशीकडे जाऊन ये, उडदाचे पापड पोचव." पण पिशवी हातात देताना हळूच पुढे म्हणाली, "आणि ते खरंच सुरत सोडताहेत का, तेवढं बघून ये." नव्वदच्या दशकातली गोष्ट. घरोघरी फोन नव्हते, त्यामुळे असल्या कामांना माणूसच पाठवावं लागायचं, आणि आमच्या घरात फिरायला सदैव तयार असलेलं माणूस म्हणजे मी.

झालं होतं असं. आदल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मोठं वादळ आलं आणि लिंबायतमध्ये मंदामावशीच्या गल्लीतला कडुनिंब तिच्याच घरावर आडवा झाला. माणसं वाचली, पत्रे गेले. अख्ख्या गल्लीचीच दैना झाली होती. कारखान्यात लूम चालवणाऱ्या काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, तेव्हापासून एकच धोशा लावला होता, आता पुरे, आखाजी झाली की कायमचं गावाला. मावशीची एकुलती एक सुनीता आदल्याच वर्षी शेजारच्या गोडादऱ्यात दिलेली. रिक्षाने हाकेच्या अंतरावर असलेलं तिचं माहेर एकदम खानदेशात जाणार, म्हणून मावशीच्या डोळ्याचं पाणी खळत नव्हतं.

जळगावहून सुरतेला जायचं तर तापी लाइनची पॅसेंजर पकडा. घाई असेल तर पकडू नका. अमळनेरला भजी, नंदुरबारला चहा आणि मग नवापूर! हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. मी फलाटावर उतरून दोन्ही राज्यांत एकेक पाय ठेवला आणि उगाचच मोठं काहीतरी केल्यासारखी परत डब्यात चढले. लिंबायतला जाणाऱ्यांनी सुरतपर्यंत न जाता उधन्याला उतरावं. पाठीला आराम आणि खिशालाही. रिक्षावाल्याने विचारलं, "लिंबायत? बेसी जाओ, बेन," आणि आधीच चौघं बसलेल्या रिक्षात मला पाचवी बसवलं.

मावशीने दारातच मिठी मारली. "तू उनी, बरं व्हयनं माय!" मग काकांकडे डोळ्यांनी खूण करून कुजबुजली, "झाड पडनं, ते यास्नं मन बी पडनं." काका बाजेवर भिंतीकडे तोंड करून बसलेले. मी पाया पडले तर "ऱ्हाय सुखी" एवढंच म्हणाले. मी हेर असल्याचा वास त्यांना आला असावा.

संध्याकाळी बाहेर आले तर चौकात वेगळीच गंमत. पडलेल्या निंबाचा, घागरीएवढ्या घेराचा लांब सोट ओंडक्यांवर आडवा ठेवलेला आणि दोन्ही बाजूंना माणसं मांडी ठोकून तो कोरत बसलेली. ही कल्पना नामदेवभाऊंची. हे वर्ध्याकडचे, बांधकामावर सेंट्रिंग करणारे, हाताला सुतारकी. वादळानंतर लोक आपापल्या पत्र्यांखाली तोंडं लपवून बसले होते, तेव्हा निंबाचं सरपण करायला निघालेल्यांना त्यांनी अडवलं. याचा खांब करू, म्हणाले, चौकात उभा करू, आणि ज्यानं त्यानं आपल्या मुलखातलं एकेक चित्र त्यावर कोरायचं. तेव्हापासून कारखान्याची पाळी सुटली की लोक पटाशी घेऊन इथे यायचे. एरवी एकमेकांशी न बोलणारे शेजारी त्या लाकडावरून भांडू लागले होते. ही सुधारणाच म्हणायची.

एका बाजूला बैल, केळीचा घड, खानदेशच्या कानबाई देवीचा मुखवटा. दुसऱ्या बाजूला मोर, लूमचा धोटा, आणि एका रिक्षावाल्याने कोरलेली रिक्षा, जिची चाकं तिच्याहून मोठी होती. मी मनापासून वाहवा केली. कोणालाच काही खटकलं नाही, मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी, आखाजीच्या आदल्या सकाळी, मी सेव-खमणीची दुसरी प्लेट संपवत होते (सुरतेत पहिली प्लेट मोजायची नसते), तेव्हा खांब उभा करायला गल्ली जमली. दोर लावले, "हर हर महादेव" झालं, सोट भिंतीला टेकून उभा राहिला. आणि सगळे माना वाकड्या करून बघू लागले.

बैल शेपटीवर उभा होता. रिक्षा आभाळात चालली होती. कानबाई कुशीवर निजली होती.

"आवं बाई," नामदेवभाऊ डोक्याला हात लावून म्हणाले, "हे तं समदे झोपले ना!"

आयुष्यभर आडव्या ताग्यावर नक्षी बघणारी ही माणसं. साडीच्या काठावर मोर चालावेत तशी त्यांनी आडव्या लाकडावर चित्रं चालवली होती, आणि खांब उभा राहतो हे एकालाही सुचलं नव्हतं. मी हसू दाबलं, पण रिक्षावाला आधी फुटला, मग गल्लीच फुटली. नामदेवभाऊ तेवढे रडवेले झाले. मला त्यांची फार दया आली.

तेवढ्यात मावशी पुढे झाली. "उभा कसाले करतस? आडवाच टाका नं वर! मन्ही आंडेरनी पह्यली आखाजी शे, तिले झोका नको?"

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आंडेर म्हणजे लेक आणि आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी येतात, झाडाला झोका बांधतात, गाणी म्हणत दिवसभर झुलतात. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला झोका नसला तर लेकीला माहेर अर्धंच भेटतं. गल्लीतला झोका इतकी वर्षं याच निंबाला असायचा.

मग काय, धावपळ! त्याच निंबाच्या, शेंड्याला बेचकं असलेल्या दोन जाड फांद्या मागच्या बोळातून ओढून आणल्या. त्या पुरून वर सोट आडवा ठेवायचा. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंची चित्रं आता आपोआप सरळ होणार होती. पोरांनी खणायला घेतलं आणि गुडघ्याच्या खाली पोचताच "बस झालं" म्हणून कुदळ टाकली.

मावशीच्या दारातल्या बाजेवरून आवाज आला, "ह्या खड्डामा काय कोंबडी झाकतस का?"

काका उठले होते. मावशीच्या हातातलं पाण्याचं भांडं तसंच राहिलं. काका तरातरा आले, कुदळ ओढून घेतली. "सरक तिकडे. आठे आंडेरी बठतीन. वारा उना ते?" आणि खणत सुटले. मुरूम लागला तरी थांबेनात. कमरेपर्यंत आत गेल्यावर वर बघून मला म्हणाले, "पानी दे. आनि त्या भाऊले सांग, चुना-विटा आन. पक्कं करू."

नामदेवभाऊ विटा आणायला पळालेच. दुसरा खड्डा काकांनी कोणाला खणूच दिला नाही.

आखाजीला सुनीता आली. आमरस, पुरणपोळी, सांजोऱ्या खाऊन मला बसल्या जागेवरून उठवेना. झोक्यावर सुनीता बसली, मग गल्लीतल्या साऱ्या लेकी-सुना, अगदी समोरच्या गुजराती बेनसुद्धा. गाणी अहिराणीत, टाळ्या सगळ्या भाषांत. पोटात एवढं असतानाही मी दोनदा झुलले, आणि खांब जरासुद्धा हलले नाहीत. काका खाली उभे राहून प्रत्येकीला दटावत होते, "हळू, हळू! जरा धीरे!" गावाला जायचा विषय ना त्यांनी काढला, ना मावशीने. विचारायचं माझ्याही जिवावर आलं.

परतीच्या गाडीत मी मावशीने दिलेल्या घारी मिठाईचा डबा नंदुरबारच्या आत निम्मा संपवला. घरी पोचले तर आईने गव्हाची कोठी बाहेर काढून, मागची खोली झाडून, मावशी-काकांच्या सामानासाठी रिकामी करून ठेवलेली.

"काय म्हणाले मग? कधी येताहेत?"

"काहीच म्हणाले नाहीत. पण आई, काकांनी झोक्याचा खड्डा कमरेइतका खणला. वर विटा लावून पक्का केला."

 आईने डोळे पुसले, पदर खोचला आणि म्हणाली, "चल, धर त्या गव्हाच्या कोठीला. परत ठेवू खोलीत."