शिवणीतली माया

सरकारी छोलदारीत दोन माणसं झोपतात. तीही एकमेकांशी भांडण नसेल तर. बाबा जंगलखात्यात बांबूतोडीवर देखरेख करायचे आणि उन्हाळाभर त्यांचा मुक्काम एटापल्लीकडच्या जंगलात अशाच एका छोट्या तंबूत असायचा. शाळांना सुट्टी लागली की आई चामोर्शीच्या घराला कुलूप लावायची आणि आम्हा तिघा भावंडांना घेऊन तिकडे निघायची. मग दोघांच्या छोलदारीत आम्ही पाच जण. दादाचे पाय बाहेर, धाकटीचं डोकं भांड्यांत आणि मी मधे चेंगरलेली.

ऐंशी सालानंतरच्या अशाच एका उन्हाळ्यापूर्वी आईनं फर्मान काढलं, "औंदा मोठा तंबू असन तरच येईन. नाईतर तुमी आन् तुमचे बांबू."

बाबांनी तंबू शिवून घ्यायचं कबूल केलं. पण केवढा? बाबांचं म्हणणं, लहान बरा, बैलगाडीत मावतो आणि वावटळीत टिकतो. आईला चूलसुद्धा आत हवी होती. दादा नववीत जाणार होता, मिसरूड फुटत होतं, त्याला स्वतंत्र खोली पाहिजे होती. मला काय पाहिजे ते कुणी विचारलं नाही. मधल्यांना कुणी विचारत नसतं.

शेवटी निकाल शिंप्यानं लावला. चामोर्शीच्या बाजारातल्या दुकानदारांची पालं शिवून देणारा हा म्हातारा. त्याला फुटांची भाषा मंजूर नव्हती. "तंबू माणसाच्या मापानं शिवा लागते भाऊ," तो बाबांना म्हणाला. "झोपा सारे." त्यानं दुकानापुढच्या ओट्यावर सतरंजी अंथरली आणि भर बाजारात आम्हाला ओळीनं आडवं केलं. भाजी घ्यायला आलेली माणसं थांबून बघायला लागली. दादा मुद्दाम घोरत होता.

आई मात्र उभीच. "जित्या माणसाले असं झोपवून मापतेत का?" ती हळूच म्हणाली.

बाबा हसले. आमच्या घरात धम्म आला तेव्हापासून नवस, दृष्ट, अंगारे असलं सगळं हद्दपार होतं आणि त्या बाबतीत बाबा फार कडक. "तू बी झोप," ते म्हणाले, "नाईतर तुझेच पाय बाहेर राहतीन." आई तोंडावर पदर घेऊन आडवी झाली. लाजेनं की भीतीनं, कोण जाणे.

शिंप्यानं वितीनं मापं घेतली आणि दादाशी येऊन थांबला. "हा पोट्टा तं बांबूवानी वाढून राह्यला. पायथ्याच्या शिवणीत हातभर माया ठेवतो. पुरला नाई का घेऊन या, उसवून सोडून देईन."

माया म्हणजे शिवणीत आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. आमचे सगळेच कपडे वाढत्या अंगाचे असत. माझा फ्रॉक अंगाला बसेपर्यंत विटून जायचा. आता तंबूही वाढत्या अंगाचा झाला.

तो उन्हाळा आमचा होता. हिरव्यागार नव्या तंबूत पाय पसरून झोपायचं, सकाळी मोहफुलांच्या वासानं उठायचं. दादा डोळे उघडले की आधी पाय ताणायचा. टाच कापडाला लागते का बघायचा. "थोडंसंच राह्यलं," तो बाबांना सांगायचा. "पुढच्या साली माया सोडा लागते." उन्हानं तंबू पार विटला, पण त्याची टाच काही टेकली नाही.

पावसाळ्यात त्याला ताप आला. हिवताप आमच्याकडे घरोघरी, त्याचं कुणाला नवल नसतं. गोळ्या दिल्या, उतरला, परत चढला आणि मग डोक्यात गेला. चंद्रपूरच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो आम्हाला ओळखत नव्हता. तिथंच तो गेला. आजही मला त्या मरणाचा राग येतो. कुणावर काढावा ते मात्र अजून कळलेलं नाही.

आईनं त्या मापाचा विषय कधीच काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. बाबा रडले नाहीत, कामावर जात राहिले. एकदा जेवताना मात्र, कुणी काही विचारलं नसताना, एकदम म्हणाले, "ताप डासानं येते. मापानं नाई." आई भात वाढत होती. ती वाढत राहिली.

उन्हाळा आला. आई म्हणाली, "या घरात मले राहवत नाई. तिकडं येईन. पन तंबू लहान करून आना. तेवढी रिकामी जागा पाहून मले झोप नाई येनार."

बाजाराच्या दिवशी बाबांनी सायकलवर तंबूचं गाठोडं बांधलं. मी मागून धरून चालत होते. शिंप्यानं लांबूनच गाठोडं ओळखलं आणि मशीन थांबवून हसायला लागला. "आला का! पुरला नाई ना? म्हटलं नव्हतं मी, पोट्टा बांबूवानी वाढन! कितवीत गेला आता?"

मी बाबांकडे पाहिलं. माझे बाबा म्हणजे एक घाव दोन तुकडे. साहेबाच्या तोंडावर खरं बोलून बदली ओढवून घेतलेला माणूस. त्यांनी गाठोड्याची दोरी सोडली, परत बांधली, परत सोडली.

"दहावीत," ते म्हणाले.

"पाय बाहेर येत असतीन."

"हो. तोकडा पडला. माया सोडा."

"सारी?"

"सारी."

परत येताना ते सायकल हातात धरून चालत होते. घरी मी आईला यातलं काही सांगितलं नाही. शिवून आलेलं गाठोडं तसंच न सोडता बैलगाडीत चढलं.

जंगलात पोहोचल्यावर तंबू उभा केला आणि आईनं पाहिलं. विटलेल्या कापडाखाली, पायथ्याशी, पट्टाभर कोरं हिरवं कापड उघडं पडलं होतं. वर्षभर आत दुमडलेलं, ऊन न लागलेलं. मला वाटलं, आता ही बाबांना फाडून खाणार. ती खाली बसली. त्या हिरव्या पट्ट्यावरून तिनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवला.

"कितीक वाढला?" तिनं विचारलं.

बाबांच्या हातात खुंटी होती. "हातभर," ते म्हणाले, आणि तिथंच मातीत बसून पहिल्यांदा मोठ्यानं रडले. बांबू तोडणारी माणसं पाठ फिरवून उभी राहिली. आईनं त्यांच्या हातातली खुंटी घेतली, ठोकली, आणि आत जाऊन पाच जणांची अंथरुणं घातली.