बारक्याचा कोट

माझी आत्या कुणाचंही कापड ठेवून घेत नाही. उरलेल्या चिंध्यासुद्धा गुंडाळून, दोऱ्याने बांधून गिऱ्हाइकाच्या हातात देते. चाळीस वर्षं शिवणकाम केलं, पण तिच्या घरात दुसऱ्याच्या कापडाचा एक तुकडा सापडायचा नाही. या स्वभावाचं मला नेहमी कौतुक वाटायचं. मागच्या महिन्यात मात्र मला त्याचा मनापासून राग आला.

वर्षापूर्वी बँकेतले साहेब पडदे न्यायला आले, ते कडेवर कुत्र्याचं पिल्लू घेऊन. त्यांची बदली झाली होती आणि नवं घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं होतं. "ताई, पंधरा दिवस सांभाळा. मोठं घर मिळालं की नेतो. ग्रेट डेन आहे, जातिवंत." पिल्लू काटकुळं, पंजे तेवढे थोराड. आत्याने त्याचं नाव ठेवलं बारक्या. त्या पंजांकडे बघून तिला शंका यायला हवी होती. जन्मभर लोकांची मापं घेतली होती तिने.

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. साहेबांचा फोन आला की "पुढच्या महिन्यात नक्की," आणि बारक्या तोवर चार बोटं वाढलेला असायचा. थंडी पडली तसा तो कुडकुडायला लागला. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "या जातीच्या अंगावर केस कमी. कोट शिवा." आत्याला तेवढंच हवं होतं. तिने गळ्यातली टेप काढून छातीचं माप घेतलं, मापांच्या वहीत नवं पान काढून वर लिहिलं, 'साहेबांचा बारक्या', आणि शिवणीच्या आत दोन बोटं माया ठेवली. मुलांच्या गणवेशांना ती तेवढीच ठेवते. पोर वाढलं की टीप उसवायची, दडवलेलं कापड मोकळं करायचं, की कपडा पुन्हा अंगाला बसतो.

"दोन वर्षं बघायला नको," ती छातीठोकपणे म्हणाली.

कोट अठरा दिवस टिकला. तिने माया सोडली. पुन्हा तीन आठवड्यांनी बटणं लागेनात. आत्याच्या आयुष्यात माप इतकं कधी चुकलं नव्हतं. ती ईर्षेला पेटली आणि दुसऱ्या कोटाला चांगली वीतभर माया ठेवली. मी म्हटलं, "अगं, हा कोट आहे की गादीची खोळ?"

"तुला काय कळतंय," ती म्हणाली. "वाढतं अंग आहे त्याचं."

खर्चाचं विचाराल तर डॉक्टरांनी तिला एका वाक्यात सांगून टाकलं होतं: "या जातीचं सगळं वजनावर असतं." जंतांचं औषध वजनावर, लस टोचायला न्यायचं तर रिक्षात मावत नाही म्हणून टेम्पो, आणि जेवण तर विचारूच नका. तेही एकदम वाढायचं नाही. पोटाला पीळ पडून जिवावर बेतू शकतं, म्हणून तीन वेळा थोडं थोडं, आणि जेवल्यावर तासभर उड्या बंद. तो तासभर आत्या मशीन बंद ठेवून त्याच्या शेजारी बसायची, कारण मशीन सुरू झालं की हा नाचायला लागायचा. गेलेला तास भरून काढायला तिने आणखी एका शाळेचे गणवेश अंगावर घेतले. डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं की या जातीला आयुष्य कमी, सात-आठ वर्षं. त्यावर ती म्हणाली, "मग आत्तापासूनच नीट सांभाळायला हवा." तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. असता तर मला भांडता आलं असतं.

आणि मागच्या महिन्यात साहेबांचा फोन आला. अंगण असलेलं घर मिळालं होतं, रविवारी गाडी घेऊन येत होते.

"देणार तू?" मी विचारलं.

"त्यांचा आहे," आत्या म्हणाली. तिने बारक्याची भांडी घासली, गादीची खोळ धुतली, औषधांच्या पुड्या दोऱ्याने बांधल्या. चिंध्या बांधते तशाच. मी पाहत होते; गाठ तिला तीनदा मारावी लागली.

रविवारी साहेब आले. बारक्याला बघून दारातच दोन पावलं मागे सरकले. बारक्या मशीनच्या पायट्यावर हनुवटी टेकून पडला होता, त्याने एक डोळा उघडून मिटला. साहेबांनी पिशवीतून नवाकोरा कोट काढला. चांगल्या दुकानातला, आतून मऊ, किमतीची चिठ्ठी तशीच. आत्याने बारक्याला उठवलं, कोट चढवला. छातीवर वीतभर कमी पडला.

"ताई, तुमच्या हातचं काम आहे," साहेब म्हणाले. "जरा उसवून मोठा करून द्या, मग निघतो."

आत्याने चष्मा लावला. कोट उलटा केला, कडेकडेने बोटं फिरवली, एक टीप उजेडाकडे धरून पाहिली.

"नाही होणार साहेब," ती म्हणाली. "यात मायाच नाही."

ती कापडाबद्दलच बोलत होती, हे मी शपथेवर सांगते. टोमणे मारायला तिला सुचतही नाही. पण साहेबांनी नजर वळवली. खुंटीवर बारक्याचा जुना कोट होता. त्यांनी तो हातात घेतला, उलटला, आणि उसवलेल्या टिपांच्या ओळींवरून बोट फिरवलं. एक, दोन, तीन, चार, पाच. शेवटची ओळ अगदी काठावर आली होती.

"हे काय आहे ताई?"

"वाढत गेला तशी सोडत गेले," आत्या म्हणाली. "आता शिल्लक नाही त्यात. नवा शिवायला हवा."

साहेबांनी बारक्याला न्यायला आणलेला पट्टा खिशात घातला, परत काढला, आणि शेवटी मशीनवर ठेवला. "मग शिवा," ते म्हणाले. "इथेच राहू दे त्याला. मी कधी बघायला आलो तर चालेल ना?"

आत्याने मान डोलावली. मला फार बरं वाटलं.

गाडी गेल्यावर तिने टेप काढून बारक्याची छाती मोजली. मग मापांची वही उघडली, त्याच्या पानावरचा 'साहेबांचा' खोडला आणि खाली नवं माप लिहिलं.