चौसष्टावा माणूस

कुंडलिक म्हात्रे डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रंगांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसला होता. धोक्याचा भोंगा वाजला की सगळ्यांनी गेटजवळच्या शिरीषाच्या झाडाखाली जमायचं आणि कुंडलिकने माणसं मोजायची, अशी पद्धत. तो प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजायचा. नजर फसते, हात फसत नाही, असं त्याचं मत.

एका वर्षी आगीच्या मॉक ड्रिलला हजेरीपटावर त्रेसष्ट नावं होती. नावं पुकारली, त्रेसष्ट जणांनी ओ दिली. खांदे मोजले, चौसष्ट भरले. पुन्हा मोजले. चौसष्टच. सगळे चेहरे ओळखीचे, आगंतुक कुणी नाही.

"काका, नावं जुळली ना? मग झालं," सेफ्टी ऑफिसर मृणाल म्हणाली.

"नावं जुळली मॅडम. माणसं जुळत नाहीत."

पुढच्या दोन ड्रिललाही तसंच झालं. कुंडलिकने कुणाला सांगितलं नाही.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी, सकाळी अकराला, सॉल्व्हंटच्या पिंपाने खरोखर पेट घेतला. माणसं खोकत शिरीषाखाली आली. कुंडलिकने मोजलं. त्रेसष्ट. नावंही त्रेसष्ट. चौसष्ट भरायला लागल्यापासून पहिल्यांदाच आकडा जुळला होता. तो धावत मृणालकडे गेला.

"आत कोणीतरी आहे," तो म्हणाला.

"यादी पूर्ण आहे, काका."

"यादी पूर्ण आहे. एक जण कमी आहे."

मृणालने क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि बंबासोबत आलेल्या, मास्क चढवलेल्या अग्निशमनवाल्यांना आत पाठवलं. दहा मिनिटांनी त्यांनी टाकीमागून एकाला उचलून आणलं. तो ठेकेदाराचा माणूस, नाथा. पाइपांना लेप द्यायला टेम्पोतून आला होता. वॉचमनने टेम्पोचा नंबर लिहिला होता, माणसाचं नाव लिहिलंच नव्हतं. नाथा बारा दिवस दवाखान्यात होता, पण वाचला.

चौकशीत मृणालने विचारलं तेव्हा कुंडलिकने सगळं सांगितलं. तिने कागदावर एवढंच लिहिलं: नोंदीबाहेरचा माणूस आत असल्याची शंका. मग नियम बदलला. टेम्पोच्या क्लीनरपासून साहेबापर्यंत आत जाणाऱ्या प्रत्येकाला गेटवर खिळ्याला टांगलेला बिल्ला. बाहेर पडताना तो परत खिळ्यावर अडकवायचा. रिकामा खिळा म्हणजे आत माणूस.

नाथा बरा होऊन भेटायला आला. कुंडलिकने त्याला चहा दिला आणि विचारलं, "याच्या आधी कधी आलेलास इथे?"

"नाय ओ. तो पहिलाच दिवस."

कुंडलिकने त्याच आठवड्यात मोजणीचं काम सोडायचा अर्ज दिला. आता ड्रिलला मृणाल मोजते, तीही खांद्याला हात लावून. एकदा मोजते, थांबते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. भरलेला आकडा ती कधी मोठ्याने सांगत नाही.