बैल का बिथरला

हे मी आजवर कुणापुढं बोललेलो नाही. घरीही नाही. दुसऱ्यांच्या चुका पेपरात छापण्यात माझी सगळी नोकरी सरली. ही एक मात्र राहिली.

घोडेगावचा जनावरांचा बाजार. पारनेरकडचे किसननाना त्यांचा खिलार बैल विकायला आले होते. जोडीतला दुसरा आजारानं गेलेला. हा टेम्पोत पहिल्यांदाच चढला होता. सारखा पाय बदलत होता, नाकपुड्या फुगवत होता. कोपरगावकडच्या एका शेतकऱ्याशी सौदा ठरत आला होता. नाना त्याला पुन्हापुन्हा एकच विचारत होते, "गोठ्यात दुसरा बैल हाय ना? ह्याला एकल्याला करमत न्हाई."

"हाय की. बैल इकताय का पोरगी देताय, नाना?"

सगळे हसले. मीही हसलो. मला फोटो हवा होता – मान वर केलेल्या बैलाचा. आणि तो मान वर करेना.

इथं थांबावंसं वाटतं. पण थांबून काय होणार?

माझ्या एका हातात मोबाईल होता, दुसऱ्यात बटणाची छत्री. बैलाच्या डोळ्यामागं ती धरली आणि बटण दाबलं. फट्. मान वर आली, फोटो मिळाला – आणि बैल उसळला. समोर कासरा धरून नाना उभे होते. ते टेम्पोच्या फाळक्यावर आदळले. हात मोडला.

गडबडीत माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. नानांना उन्हातच बसवलं होतं, म्हणून मी त्यांच्यावर छत्री धरली. तीच. ते म्हणाले, "सायेब, तुमाला न्हाई ना लागलं?"

बाजारातल्या पशुवैद्य बाईंनी बैल पाहिला. मारका नाही, भ्यालाय, म्हणाल्या. प्रवास, गर्दी, जोडीदार नाही – शरीर आधीच ताणलेलं. त्यात दचकला की विचाराला वेळच नसतो. ॲड्रेनलिन रक्तात उतरतं, काळीज धडधडतं, पळायला वाट नसली की शिंगं पुढं येतात. "पण दचकला कशाला?" त्यांनी सगळ्यांनाच विचारलं.

मी गप्प राहिलो. माझंही काळीज धडधडत होतं, तोंड कोरडं पडलं होतं. भीतीनं गप्प राहिलो, असं म्हणता येईल. पण बातमी मी संध्याकाळी लिहिली – पंख्याखाली, चहा घेऊन. तेव्हा कुठं काळीज धडधडत होतं? बाईंचं म्हणणं मी गाळलं. छापलं असतं तर वाचकानंही तोच प्रश्न विचारला असता. 'मारक्या बैलाच्या धडकेत मालक जखमी' – शीर्षक मीच दिलं. सोबत फोटो. चांगला आला होता.

बातमी वाचून कोपरगावच्या शेतकऱ्यानं नको म्हणून कळवलं. मग दुसरंही कुणी घेईना.

पुढं मी नानांच्या घरी गेलो. सांगायलाच गेलो होतो – निदान तसं स्वतःला बजावून निघालो होतो. नानांचा हात गळ्यात बांधलेला. बैल शेवटी एका व्यापाऱ्यानं नेला होता. त्यानं पुढं कुणाला दिला, नानांना ठाऊक नव्हतं. रिकाम्या गोठ्याकडं बघत ते म्हणाले, "मला वाटायचं, मी वळखतो त्याला. लहानाचा मोठा केला. तुमी छापलं तवा कळलं – मारका हुता."

मी चहा प्यायलो आणि निघालो.

नाना अजून तेच मानतात. बैल मारका नव्हता. छत्री मी उघडली होती, आणि बातमी लिहिताना हे मला माहीत होतं.