सव्वाअकराला जाणारं फोल्डर

वसमतला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एका शटरचं. मी राहतो शिरड शहापूरला, रोज गाडीवर जाऊन-येऊन करतो. दुकानातल्यापेक्षा बाहेरचं काम जास्त असतं. कुठं प्रिंटर अडला, कुठं नेट गेलं, फोन आला की पिशवी उचलायची आणि निघायचं. अशी कितीतरी कामं केली, बहुतेक विसरून गेलो. माती तपासणीच्या लॅबमधलं एक काम मात्र विसरलो नाही. त्यातला बिघाड माझ्याच हातचा होता आणि तो सापडायला मला तीन आठवडे लागले.

लॅब खासगी आणि अगदी छोटी. शेतकरी पिशवीत रानातली माती घेऊन यायचे, चार-सहा दिवसांनी त्यांना कागद मिळायचा: कशाची कमतरता आहे, काय टाकायचं, काय टाकायचं नाही. मागच्या खोलीत सर तपासणी करायचे. शेती खात्यातून निवृत्त झालेले, पांढरा कोट घालणारे, मोजकं बोलणारे. मधल्या खोलीत एक ताई सगळे आकडे कॉम्प्युटरवर भरायच्या. पुढं दाराशी काउंटर होता, तिथं साठीला टेकलेले एक काका रिपोर्ट छापून लोकांच्या हाती द्यायचे. काका आणि मी एकाच समाजाचे. भेटलो की आधी जयभीम, मग बाकीचं.

तीन माणसं, तीन कॉम्प्युटर. रिपोर्टांचं फोल्डर ताईंच्या कॉम्प्युटरवर होतं आणि काका व सर आपापल्या जागेवरून तेच उघडायचे. ताईंचा जुना कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा नवा मीच आणून बसवला, फोल्डर मीच त्यावर टाकलं. ताई तेव्हा नुकत्याच लांबच्या रजेवरून परत आल्या होत्या. कसली रजा, ते मी विचारलं नाही.

आठवडाभरात काकांचा फोन आला.

"अरे, ते फोल्डर उघडून न्हाई राहिलं. लाल खूण येती अन् इंग्रजीत कायतरी लिहून येतंय."

मी पोचेपर्यंत सगळं सुरळीत. काका खजील झाले. "आत्ता लगेच आलं बघ. तू यायच्या आधी पाच मिनिटं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी गेलो की चालू, मी गेलो नाही की बंद. असा बिघाड फार वाईट. पूर्ण मेलेली वस्तू दुरुस्त करता येते, अधूनमधून जाणारीला पकडायचं कसं? मी सगळ्या वायरी तपासल्या. एक वायर कपाटामागं उंदरानं कुरतडलेली सापडली, तेव्हा मला केवढा आनंद झाला! ती बदलली, चहा घेतला, काकांना सांगितलं, "आता बघा, पुन्हा तकलीफ न्हाई." दुसऱ्या दिवशी अकरानंतर फोन. मग सगळ्या वायरी जिथं येऊन जुळतात तो छोटा डबा बदलला. मग प्रत्येक कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा नंबर पक्का करून दिला, दोघांचा एक व्हायला नको म्हणून. काही उपयोग झाला नाही.

मधल्या एका दुपारी मी तिथं होतो. डोंगरकड्याहून एक म्हातारे बाबा आले होते, हळदीच्या रानाचा रिपोर्ट न्यायला. फोल्डर गेलेलं. बाबा बाकावर बसले, उठले, दाराशी जाऊन रस्ता बघून आले, पुन्हा बसले. काका त्यांना म्हणत राहिले, "आत्ता येईल बाबा, आत्ता येईल." मी काउंटरखाली बसून डब्याचे दिवे बघत होतो. दिवे सगळे हिरवे. फोल्डर आलं, कागद छापला, पण तोवर त्यांची बस गेली होती. बाबा चिडले नाहीत. "जाईन की आता दुसरीनं," म्हणाले आणि कागदाची घडी करून टोपीत ठेवली. मला त्यांच्याकडं बघवेना.

त्या दिवशी मी काकांच्या काउंटरवर एक वही ठेवली. म्हटलं, "काका, फोल्डर गेलं की टाइम लिहायचा. आलं की पुन्हा लिहायचा. चार-पाच दिवस लिहा, मग मला चोर सापडतो."

काकांनी ते काम मन लावून केलं. 'सव्वाअकरा, गेलं. अकरा चाळीस, आलं.' 'दोन वाजून दहा, गेलं. अडीचला आलं.' 'साडेचार, गेलं.' वळणदार अक्षर, रोज वर तारीख, खाली रेघ.

पाचव्या दिवशी मी वही बघायला गेलो. सगळे टाइम रोज जवळजवळ सारखेच होते. मी चक्रावलो. वायर टाइम बघून थोडीच बिघडते? वही हातात घेऊन मी विचार करत उभा होतो, तेवढ्यात ताई मधल्या खोलीतून आल्या आणि म्हणाल्या, "दादा, जरा बाहेर येता?"

बाहेर पाण्याच्या टाकीपाशी आम्ही उभे राहिलो. त्यांचा चेहरा उतरलेला होता. हात ओढणीत गुंडाळलेले.

"ते टाइम कशाला लिहून राहिले तुमी?"

"फोल्डर कधी जातं ते बघायला, ताई."

"खरं सांगा. सरांनी सांगितलं का माझ्यावर ध्यान ठेवायला?"

मला काही कळेना. "तुमच्यावर? काहून?"

त्यांनी ओढणीतले हात सोडवले. मग एकदम सगळं सांगून टाकलं. लेकरू पाच महिन्यांचं. नवरा ट्रकवर, महिन्यातून एकदा घरी. लॅबच्या मागच्या गल्लीत भाड्याची खोली घेतलेली, आई तांड्यावरून येऊन लेकराजवळ राहिलेली. बाटली लेकरू तोंडात धरत नाही, वाटी-चमच्यानं पाजून बघितलं तर थुंकतं. म्हणून त्या दिवसातून तीनदा घरी जातात, पाजतात आणि पळत परत येतात.

"रजेवरून आले तवा सर म्हनले होते, आता पुन्हा सुट्टीबिट्टी मागू नका, काम लई तुंबलंय. म्हनून मी विचारलंच न्हाई. संध्याकाळी अर्धा-पाऊण घंटा जास्त बसते मी, दादा. काम मागं ठेवत न्हाई. अन् तुमी त्या वहीत माझंच जाणं-येणं लिहून ठेवलंय. अकरा, दोन, साडेचार. सगळं बराबर."

मी वहीकडं बघितलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. नवा कॉम्प्युटर. कुणी दहा मिनिटं हात लावला नाही की तो आपोआप झोपी जातो, आणि तो झोपला की त्यावरचं फोल्डर कुणालाच दिसत नाही. ताई परत येऊन माऊस हलवतात, तो जागा होतो, फोल्डर हजर. ती सेटिंग बंद करणं माझं काम होतं. नवीन मशीन बसवताना पहिल्यांदा करायचं काम, आणि मी तेच विसरलो होतो.

आणि दुसरीही गोष्ट तेव्हाच कळली. पाच दिवस ही बाई ती वही काउंटरवर पडलेली बघत होती. रोज लेकराला पाजून धापा टाकत येत होती आणि बघत होती, की काकांनी टाइम लिहिलाय.

"ताई," मी म्हणालो, "माझी चूक हाय. तुमची न्हाई." आणि काय झालं ते त्यांना समजावून सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजी त्या डोंगरकड्याच्या बाबाची बस माझ्यामुळंच चुकली."

"माझ्यामुळं चुकली, ताई."

त्यांनी ओढणीनं डोळे पुसले, आम्ही आत आलो. त्यांच्या कॉम्प्युटरवर बसून मी सेटिंग बदलली. अर्धं मिनिट लागलं. वही मी हळूच पिशवीत टाकत होतो, तेवढ्यात सर मागच्या खोलीतून आले.

"सापडलं का काही?"

"सापडलं, सर. माझंच राहिलं होतं. दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की हे मशीन झोपत होतं. आता झोपणार नाही."

सर मान हलवून वळले, आणि थांबले. आयुष्यभर तपासणीचंच काम केलेला माणूस. "पण ताई तर दिवसभर समोर असतात. मग ते झोपतं कसं?"

काउंटरवर काका उगाच कागदांची चवड सरळ करायला लागले. मी काहीतरी थाप मारणार होतो, तोंडात जुळवतही होतो.

"मी नसते, सर," ताई म्हणाल्या. उभ्या राहिल्या होत्या. "दिवसातून तीनदा घरी जाते. लेकराला पाजायला. तुमाला विचारलं न्हाई, चुकलं माझं."

सरांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. "बरं," म्हणाले, आणि आत गेले. एवढंच. मागच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला.

बाहेर गाडी काढताना काका माझ्या मागं आले. मी त्यांना विचारलं, "काका, तुमच्या समोरूनच तर जायच्या त्या. तुमाला दिसत न्हवतं का?"

"दिसत होतं की. रोज दिसत होतं."

"मग सांगायचं की मला! तीन आठवडे मी वायरी बदलून राहिलो."

"तू फोल्डरचं विचारलंस, मी फोल्डरचं लिहिलं," काका म्हणाले. "पोरीचं जाणं कशाला लिहू? ती लेकराकडं जाती."

संध्याकाळी घरी गेलो तरी जेवण जाईना. आईनं ताटाकडं बघितलं. "काहून रं, जेवून राहिलास का नुसतं चिवडून राहिलास?"

मी तिला सगळं सांगितलं. कॉम्प्युटरचं तिला कळलं नसावं, बाकीचं तिला माझ्यापेक्षा जास्त कळलं. भाकरीचा हात पुसत ती माझ्यासमोर बसली.

"तू तीन महिन्याचा व्हतास तवा मी खुरपायला जायची," ती म्हणाली. "बांधावर बाभळीला झोळी बांधायची. तू तिकडं रडलास की हिकडं माझं दूध सुटायचं, लुगडं वलं व्हायचं. मुकादमीन म्हनायची, हातातली पात पार त्या टोकाला लावून मग जा. कवा कवा पात लांब असायची."

हे तिनं मला याआधी कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

"त्या पोरीला कुनी काय बोललं तर मला सांग," ती उठता उठता म्हणाली. "मी येते तिथं."

चार दिवस लॅबमधून फोन आला नाही. फोल्डर चालू असणार, म्हणून नाही आला, हे मला माहीत होतं. तरी मी रोज फोन बघायचो. एकदा मुद्दाम तिकडून गाडी नेली, पण आत जायचा धीर झाला नाही. त्यांना कामावरून कमी केलं असलं तर? माझी एक सेटिंग आणि माझीच वही.

पाचव्या दिवशी सरांचा फोन. "स्कॅनर हलवायचा आहे. वायर लांबवावी लागेल. या."

गेलो. ताई आपल्या जागेवर होत्या. त्यांनी माझ्याकडं बघून किंचित मान हलवली. मधल्या खोलीला लागून एक छोटी खोली होती. तिच्यात स्कॅनर, जुनी बाडं आणि मातीच्या रिकाम्या पिशव्या असायच्या. आता ती मोकळी होती. फरशी धुतलेली, भिंतीवर नवा पंखा. दाराला आतून कडी बसवलेली, तिचे स्क्रू अजून चकचकत होते. स्कॅनर काउंटरवर काकांच्या शेजारी न्यायचा होता, तिथं काकांना हात हलवायलाही जागा उरत नव्हती. "राहू दे राहू दे," काका म्हणाले, "मी बारीक हाय."

मी वायर ओढत असताना सर त्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. वरच्या झरोक्याकडं बघत होते.

"इथून धूळ येते का बघा बरं. मातीची धूळ लेकरांना चांगली नाही."

त्या विषयावर ते माझ्यासमोर बोलले ते एवढंच. ताईंना त्यांनी काय सांगितलं ते मला आजवर माहीत नाही. मी झरोक्याला जाळी बसवून दिली.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी काकांचा प्रिंटर अडला म्हणून गेलो होतो. छोट्या खोलीत ताईंची आई खाली बसली होती, कोपराच्या वरपर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि मांडीवर लेकरू. ताई मधल्या खोलीत आकडे भरत होत्या. म्हातारीनं लेकीला त्यांच्या भाषेत काही विचारलं. ताई हसल्या.

"आई विचारून राहिली, हा कोण. मी सांगितलं, कॉम्प्युटरचा डॉक्टर."

म्हातारी उठली, लेकरू सरळ माझ्या हातात दिलं आणि पाणी प्यायला बाहेर गेली. माझ्या हाताला काळी शाई. मी कोपरांवरच कसंबसं त्याला धरलं. जड होतं लेकरू, पोट भरलेलं. माझ्याकडं टक लावून बघत होतं, ओळख पटवून घेत असल्यासारखं.

सर मागून आले. मला तसं उभं बघून थबकले.

"नेटवर्क?"

"बराबर चालू हाय, सर."

ते बेसिनपाशी गेले, साबणानं हात धुतले, नीट पुसले. मग परत आले, एका बोटानं लेकराच्या तळपायाला हलकेच स्पर्श केला. लेकरानं पाय आखडून घेतला आणि पुन्हा सोडला. सरांनी आणखी एकदा बोट लावलं, आणि आपल्या कामाला निघून गेले.