ताईचं ट्रायकोकार्ड आणि माझा स्पार्क प्लग

एका सकाळी मी हजारो जीव मारले, तेही मोटरसायकलचा प्लग साफ करताना.

माझी थोरली बहीण शोभाताई रोहण्याला कपाशी करते. काही वर्षांपूर्वी फवारणी करताना भाऊजींना विषबाधा झाली आणि ते मरता मरता वाचले. तेव्हापासून ताईने फवारणीचा पंप घराबाहेर काढला आणि गावातल्या दहा-बारा बायकांना जमवून मित्रकीटकांच्या भरवशावर शेती सुरू केली. गुलाबी बोंडअळीवर तिचा उपाय म्हणजे ट्रायकोकार्ड. जाड कागद, त्यावर चिकटवलेली बारीक काळपट अंडी. त्यांतून डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या माश्या निघतात, त्या बोंडअळीच्या अंड्यात आपलं अंडं घालतात आणि अळी जन्मालाच येत नाही.

बाकी बायकांनी आपापली कार्डं वर्ध्याच्या प्रयोगशाळेतून नेली होती. ताईला भाऊजींच्या तपासणीमुळे जमलं नाही, म्हणून तिने मला फोन केला.

"बापू, माहे कार्डं तू घेऊन येजो. फ्रीजमंदी ठेवजो, पण बर्फाच्या खान्यात नाई!"

"ताई, मी काय लहान आहो?" (वय वर्षं पन्नास.)

मी कार्डं आणायचंच विसरलो. ती माझ्या बायकोने, सुनंदाने, परस्पर आणून फ्रीजमध्ये ठेवली. म्हणजे माझी आणि त्या कार्डांची तोंडओळखसुद्धा झाली नव्हती! दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ती निघायच्या तयारीने टेबलावर काढली. इकडे वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेत आमच्या अंगणात मी मोटरसायकलला किका मारून घामाघूम.

"सुनंदा, पॉलिश पेपर कुठी आहे?"

"पाहा ना टेबलावर!" ती न्हाणीघरातून ओरडली.

टेबलावर खरखरीत कागद होता. काळपट. मी घासला. दाणे भराभर गळाले. 'आजकालच्या मालात दम नाई,' म्हणत दुसराही घासला. प्लग चकचकीत, गाडी पहिल्या किकेत सुरू!

"अहो, ताईचे कार्डं कुठी गेले?"

मी हातातल्या कागदाकडे पाहिलं. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं.

"फोन करून खरं सांगा ताईले."

"ताई मले जित्ता ठेवन का?"

वाटेत पुलगावला मी हार्डवेअरच्या दुकानासमोर गाडी थांबवली आणि खराखुरा पॉलिश पेपर घेतला! (त्या क्षणी ही कल्पना मला फार हुशारीची वाटली.) सुनंदा म्हणाली, "मी काईच बोलणार नाई." आणि रोहण्यापर्यंत मागे तोंड फिरवून बसली.

शेतात सगळ्या बायका जमल्या होत्या. ताईने कागद हातात घेतला.

"यंदा दाणे जाड काऊन दिसून राह्यले?"

"नवीन जात आहे," मी म्हणालो.

ताईने कात्रीने पट्ट्या कापल्या. कात्री करकरली. मी खोकलो. एक-दोन पट्ट्या पानांच्या खालच्या बाजूला टाचूनही झाल्या. तेवढ्यात शेजारच्या शेतातल्या कमलाबाईंनी एका पट्टीवरून बोट फिरवलं.

"शोभे, माहं नख घासल्या गेलं वं!"

त्यांनी पट्टी उलटी केली. मागे पॉलिश पेपरचा ठसठशीत नंबर छापलेला होता. कमलाबाई सुताराच्या घरच्या. त्यांना काय सांगणार?

मी सगळं कबूल केलं. प्लगसकट. बायका पदर तोंडात धरून हसल्या, पण ताई हसली नाही. ती बांधावर खाली बसली.

"नवे कार्डं याले आठ दिवस लागतीन, बापू. तवरीक अळी बोंडात शिरन. मंग काय करू? यायच्या हाती पंप देऊ पुन्हा?"

तिने भाऊजींकडे बोट केलं; ते मान खाली घालून उभे होते. खोटं बोललो त्याची लाज तेव्हा वाटली, तोवर नुसती भीती होती.

कमलाबाई उठल्या, घरी गेल्या आणि स्वतःच्या कार्डातल्या चार पट्ट्या घेऊन आल्या. "धर. माह्या वावरात जराशा कमी लावीन." मग एकेक करत सगळ्याच उठल्या. कोणी तीन, कोणी दोन. ताईने पदराने डोळे पुसले आणि स्टेपलर माझ्या हातात दिला. "लाव आता. एकेक." मी दिवसभर कपाशीत वाकून पट्ट्या टाचल्या. कंबर धरली, पण एकही पट्टी खाली पडू दिली नाही.

पुढे बोंडं फोडून पाहिली, तर किडकी अगदी मोजकीच निघाली. कापूस पांढराशुभ्र फुटला. पंप काही घरात आला नाही. त्या बायकांचे उपकार मी आजही विसरलेलो नाही. रोहण्याला गेलो की प्रत्येकीच्या दारी चहा पिऊनच परततो.

परवा गावात कार्यक्रम होता. प्रयोगशाळेतले साहेब बायकांना विचारत होते, "या मित्रकीटकांचे शत्रू कोण?"

"मुंग्या," कमलाबाई म्हणाल्या.

"कोळी," दुसरी म्हणाली.

"आन् माहा भाऊ," ताई म्हणाली.

साहेब आमच्या बोलीला नवीन होते. ते गंभीरपणे वहीत लिहीत म्हणाले, "हा कुठे आढळतो?"

मी मागच्या रांगेतून हात वर केला.