जयंतराव आणि सोडून दिलेल्या बंदुका

कुणाकडूनही वस्तू घेताना जयंतराव आधी ती रिकामी आहे का ते बघत. थर्मास, डबा, काहीही. "भरलेलीच आहे असं समजायचं," ते म्हणत. माझ्या बायकोने एकदा लोणच्याची बरणी दिली, तेव्हाही त्यांनी झाकण उघडलं. ती म्हणाली, "अहो, मी रिकामी बरणी कशाला देईन?"

ते मूळचे दादरचे. दहाव्या वर्षी आईवडिलांबरोबर अमेरिकेला गेले आणि त्यांचं मराठी दहा वर्षांचंच राहिलं. रुसले की अजून 'कट्टी' म्हणत. पत्नी गेल्यावर ते इथे ओमानमध्ये अल अमेरातला लेकीकडे आले, आमच्या शेजारच्या इमारतीत.

अमेरिकेत बंदुकांचे कायदे राबवणारं एक केंद्रीय खातं आहे. त्यात त्यांची सारी नोकरी झाली. दारूवरचा कर वसूल करणाऱ्यांतून ते खातं वाढलं, म्हणून ते म्हणत, "आम्ही हातभट्ट्या फोडणाऱ्यांचे नातू." बंदुका हिरावतात म्हणून अर्धा देश त्यांना शिव्या देई, हिरावत नाहीत म्हणून उरलेला. विक्रीच्या नोंदी संगणकात शोधता येतील अशा ठेवायला कायद्याचीच मनाई. खून झाला की खात्याची माणसं बंद पडलेल्या दुकानांच्या कागदांची खोकी उपसत बसत. हे ते हसत सांगायचे. खात्याने घातलेले वेढे, त्यांत लागलेल्या आगी, मागाहून झालेल्या चौकशा यांचा विषय निघाला की मात्र तो बदलत.

शुक्रवारी मी त्यांना निझव्याला नेत असे. तिथे बाजारात म्हातारे ओमानी जुन्या रायफली खांद्याला लावून विकायला फिरतात. त्यांतल्या एकाने कौतुकाने आपली रायफल जयंतरावांच्या हाती दिली. नाही म्हणणं अपमानाचं झालं असतं. त्यांनी ती उघडून आत पाहिलं, दोन्ही हातांनी परत दिली आणि थेट गाडीत येऊन बसले.

मग त्यांनी सांगितलं. खात्याने एकदा संशयितांना बंदुका विकत घेऊ दिल्या होत्या, माग काढत मोठ्या टोळीपर्यंत पोचायचं म्हणून. माग सुटला. त्यातल्याच एका बंदुकीने एक तरुण मारला गेला.

"ती बंदूक दुकानातून बाहेर जाताना मी समोर गाडीत बसलो होतो. अडवायचा हुकूम नाही आला. मी उतरलो नाही."

चौकशीच्या कागदांत त्यांचं नाव वाचून त्या मुलाची आई त्यांना भेटायला बोलावत होती. जावं का, असं त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, झालं ते खलास, आता कशाला उकरता? हे त्यांच्या भल्यासाठी होतं, असं मला लिहिता येत नाही. माझे वडील पुण्यात वारले तेव्हा मी इथे होतो. जयंतरावांशेजारी बसलं की ते थोडं कमी टोचायचं. मला ते इथेच हवे होते.

ते म्हणाले, "ती रडेल म्हणून नाही रे घाबरत. ती कॉफी देईल म्हणून घाबरतो."

तरी ते गेले. विमानतळावर मी बॅग सोडत नव्हतो. त्यांनीच माझ्या हातातून ती अलगद काढून घेतली.

महिन्याभराने फोन आला. ते गाडीतून का उतरले नाहीत, एवढंच तिने विचारलं होतं. त्यांनी खरं तेच सांगितलं. आजवर तिच्यासमोर येऊन हे कुणीच सांगितलं नव्हतं म्हणे. आता ते तिच्याच गावात खोली घेऊन राहतात. दर रविवारी ती जेवायला बोलावते.

"हिवाळ्यात तरी येता ना?" मी विचारलं.

पलीकडे त्यांच्या मागून एका बाईने त्यांना नावाने हाक मारली.

"ठेवतो रे," ते म्हणाले, "पानावर थांबल्या आहेत."